वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात मनुष्यबळ व्यवस्थापनाची घडी कशी बसवावी

भोसरी, शिरोली, सातपूर किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या गाळ्यात दोन यंत्रांवर सुरू झालेला कारखाना काही वर्षांत वीस-पंचवीस माणसांपर्यंत पोहोचतो, तेव्हा यंत्रे, कर्ज, ऑर्डर आणि जीएसटी या सगळ्यांचे कागद मालकाकडे व्यवस्थित लावलेले असतात. माणसांचे कागद मात्र बहुधा नसतात. कोण कधी कामाला लागला, पगार काय ठरला, कोणाच्या अंगावर किती उचल आहे, गेल्या गणपतीत कोणाला किती दिवस सोडले, हे सारे मालकाच्या किंवा एखाद्या जुन्या सुपरवायझरच्या डोक्यात असते. माणसे सात-आठ असतात तोवर हे निभावते, कारण मालक रोज प्रत्येकाशी बोलत असतो. त्यापुढे एकाला सांगितलेली गोष्ट दुसऱ्याला वेगळी ऐकू येते, दोघांच्या पगाराची तुलना चहाच्या टपरीवर होते आणि दिवाळीनंतर चांगला ऑपरेटर परत येत नाही. या वादांच्या मुळाशी वाईट हेतू क्वचितच असतो. जे ठरले होते ते कुठेही लिहिलेले नसते, एवढेच खरे कारण असते. म्हणून या लेखातील प्रत्येक सूचनेचा रोख एकाच बाजूला आहे: कामगाराला दिलेला शब्द त्याला वाचता येईल अशा भाषेत कागदावर आणावा आणि तो सगळ्यांना सारखाच लागू करावा. इतक्या लहान कारखान्याला त्यासाठी वेगळा विभाग लागत नाही. हिशेब सांभाळणारी एक नेटकी व्यक्ती, एक कुलपाचे कपाट आणि मालकाचे आठवड्यातले दोन-तीन तास पुरतात.

आधी माणसे मोजावीत

कायद्यातील बहुतेक जबाबदाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरतात, आणि ही संख्या मोजतानाच पहिली चूक होते. यंत्रावरचे कामगार तेवढे मोजून ऑफिसमधील मुलगी, टेम्पोचा चालक आणि ठेकेदारामार्फत आलेले हेल्पर गाळले जातात. महिन्याच्या पहिल्या दिवशी गेटच्या आत काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय, रुजू होण्याची तारीख, काम आणि तो थेट आपला की ठेकेदाराचा, अशी एक यादी करावी आणि दर महिन्याला ती नवी करावी.

दहा माणसे झाली की कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय, ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना सेवेच्या वर्षांनुसार द्यायची रक्कम) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती हे विषय सुरू होतात. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि तक्रार निवारण समिती येते. पन्नासला पाळणाघराची सोय करावी लागते. भविष्य निधी आणि ग्रॅच्युइटी एकदा लागू झाली की पुढे माणसे कमी झाली तरी ती सुटत नाही, त्यामुळे नोंदी एकोणीसवर अडकवून ठेवण्याचा जो खेळ काही जण खेळतात, तो एका तपासणीत उघडा पडतो आणि मागील थकबाकी व्याज आणि दंडासह भरावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांच्या चार केंद्रीय कामगार संहिता अमलात आल्या असून त्यांनी जुने एकोणतीस कायदे सामावून घेतले आहेत. जुन्या कायद्यांच्या नावाने छापलेले फॉर्म आणि पत्रांचे नमुने तसेच वापरत राहू नयेत. आपल्या कामगार सल्लागाराकडून किंवा सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून राज्याचे चालू नियम पाहून घ्यावेत.

माणूस शोधण्याआधी काम लिहावे

‘एक चांगला सीएनसी ऑपरेटर पाहिजे’ (सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र) एवढ्या वाक्यावर माणूस शोधायला निघाले, तर जो आधी येतो तो घेतला जातो. त्याऐवजी अर्ध्या पानावर काम लिहावे: कोणते यंत्र, कोणता जॉब (म्हणजे बनवायचा भाग), शिफ्ट किती वाजता, सेटिंग म्हणजे यंत्राची जुळणी त्यानेच करायची की सेटर करून देणार, मोजमापाची नोंद कोण ठेवणार, आणि तो कोणाच्या हाताखाली काम करणार. हे अर्धे पान पुढे मुलाखतीत, नेमणूकपत्रात आणि वर्षअखेरीच्या पगारवाढीच्या चर्चेत असे तीन वेळा उपयोगी पडते, म्हणून त्यावर तासभर घालवणे महाग नाही.

अशा कारखान्यात बहुतेक माणसे ओळखीतूनच येतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र सगळी माणसे एकाच गावची किंवा एकाच मुकादमाची असली, की एकाच्या घरच्या लग्नाला अर्धी शिफ्ट रिकामी होते आणि एकाशी बिनसले की पाच जण सोडून जातात. जवळच्या आयटीआयमधील शिक्षकांशी ओळख ठेवणे, राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर जागा नोंदवणे आणि शिकाऊ उमेदवार घेणे हे तीन मार्ग ओळखीच्या जोडीला असावेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. माझ्या मते लहान कारखान्याने ही ऐच्छिक वाट जरूर धरावी, कारण वर्षभर डोळ्यांसमोर काम केलेला मुलगा निवडणे हे वीस मिनिटांच्या मुलाखतीपेक्षा फार भरवशाचे असते.

मुलाखत टेबलापाशी घेऊ नये, यंत्रापाशी घ्यावी. उमेदवाराच्या हातात एक तयार जॉब, त्याचे ड्रॉइंग, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर द्यावा आणि जॉब पास आहे की रिजेक्ट ते विचारावे. जाणता माणूस आधी जॉब पुसतो, मायक्रोमीटरचा शून्य तपासतो, ड्रॉइंगवरची टॉलरन्स (मापात चालणारा फरक) वाचतो आणि मग मोजतो. एका जागी मोजून थांबत नाही, जॉब फिरवून पुन्हा मोजतो. ज्याने फक्त बटण दाबण्याचे काम केले आहे, तो थेट मापाचा आकडा सांगतो. या दहा मिनिटांत जे कळते ते बायोडेटात कुठेच लिहिलेले नसते. त्यानंतर आधीच्या ठिकाणच्या सुपरवायझरला उमेदवाराच्या संमतीने फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात: खाडे किती व्हायचे, आणि पुन्हा संधी आली तर याला घ्याल का. वैवाहिक स्थिती, जात किंवा ‘मूल कधी होणार’ असे प्रश्न विचारू नयेत. भरतीत आणि सारख्या कामाच्या पगारात लिंगावरून भेद करण्यास वेतन संहितेने मनाई केली आहे, आणि ती नसती तरी असे प्रश्न कामाबद्दल काही सांगत नाहीत.

रुजू होताना वयाचा पुरावा, आधार, बँकेचे तपशील, शिक्षणाचे दाखले, भविष्य निधीचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) आणि आधीचा ईएसआय क्रमांक यांच्या प्रती घ्याव्यात. मूळ दाखले मात्र पडताळून त्याच बैठकीत परत द्यावेत. माणूस सोडून जाऊ नये म्हणून त्याचे मूळ प्रमाणपत्र कपाटात ठेवून घेणे ही काही ठिकाणची रीत अत्यंत चुकीची आहे. ज्याला जायचे तो जातोच, आणि जो राहतो तो अडकल्याच्या भावनेने काम करतो.

पगार सांगताना हातात येणारा आकडा सांगावा

नव्या माणसाचा पहिला गैरसमज पहिल्या पगाराच्या दिवशी होतो. मुलाखतीत ‘पंधरा हजार’ असे तोंडी ठरलेले असते. समजा ही संपूर्ण रक्कम मूळ वेतन आणि विशेष (महागाईनुसार बदलणाऱ्या) भत्त्याची आहे. त्यातून भविष्य निधीचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे ११३ रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये गेल्यावर हातात १२,८८७ रुपये येतात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये असल्याने आणखी शंभर कमी. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर लागत नाही, म्हणून तेवढ्याच पगारात महिला कामगाराच्या हाती १३,०८७ रुपये पडतात. हे आधी कोणी समजावले नसेल, तर कामगाराला दोन हजार कापून घेतल्यासारखे वाटते, आणि भविष्य निधीत त्याच्या नावावर मालकानेही तेवढीच भर घातली आहे हे त्याच्या गावीही नसते. म्हणून मुलाखतीतच कागदावर तीन आकडे लिहून द्यावेत: एकूण पगार, कपाती, हातात येणारी रक्कम.

मालकाच्या बाजूचा हिशेबही तितक्याच स्वच्छपणे मांडावा लागतो. याच पंधरा हजारांवर मालकाचा भविष्य निधीचा वाटा, विमा आणि प्रशासकीय शुल्क मिळून १३ टक्के म्हणजे १,९५० रुपये होतो, ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे ४८८ रुपये, बोनस ८.३३ टक्क्यांनी धरला तर १,२५० रुपये. आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२१ रुपये. म्हणजे पंधरा हजारांचा माणूस कारखान्याला दरमहा साधारण १९,४०० रुपयांना पडतो, आणि यात पगारी रजा, गणवेश आणि सुरक्षा बूट धरलेले नाहीत. जॉबचा दर ठरवताना हा आकडा धरला नाही की वर्षअखेरीला बोनस ‘खिशातून’ द्यावा लागतो असे मालकाला वाटते. दर आणि मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून दर एप्रिलला हा तक्ता नव्याने करावा.

किमान वेतनाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. महाराष्ट्रात ते उद्योग, परिमंडळ आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गवारीनुसार ठरते, आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, बदलतो. हिशेबनिसाच्या कॅलेंडरवर या दोन तारखा ठळक लिहिलेल्या असाव्यात.

पगाराचे तुकडे पाडून मूळ वेतन लहान ठेवण्याची जुनी युक्ती आता फारशी उपयोगी नाही. संहितांमधील वेतनाच्या नव्या व्याख्येप्रमाणे घरभाडे, प्रवास यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरली जाते. एखाद्या सेटरचा एकूण पगार ३८,००० असून त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता १६,०००, घरभाडे भत्ता १५,००० आणि प्रवास भत्ता ७,००० असेल, तर वगळलेले भत्ते २२,००० होतात. निम्मे म्हणजे १९,०००. जास्तीचे ३,००० वेतनात येऊन वेतन १९,००० धरले जाते. सहा वर्षांच्या नोकरीनंतर पंधरा भागिले सव्वीसच्या सूत्राने (महिना सव्वीस दिवसांचा धरून दर वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन) त्याची ग्रॅच्युइटी ५५,३८५ ऐवजी ६५,७६९ रुपये होते. पगाराची रचना सरळ ठेवणे हेच यावरचे उत्तर आहे.

पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत झालाच पाहिजे असे कायदा म्हणतो. मी म्हणेन की एकच तारीख ठरवून ती बारा महिने पाळावी, कारण खोलीभाडे, हप्ता आणि गावी पाठवायचे पैसे त्या तारखेवर बेतलेले असतात. ग्राहकाकडून पैसे यायचे आहेत हे कारण कामगाराच्या घरमालकाला सांगता येत नाही. बँकेत पगार जमा झाला त्याच दिवशी पगारपत्रक मराठीत, आणि परप्रांतीय कामगारांना हिंदीत, मोबाईलवर किंवा हातात द्यावे. त्यात हजर दिवस, ओव्हरटाइमचे तास, प्रत्येक कपात आणि उचलीची बाकी असावी. ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. तो ‘जेवण आणि शंभर रुपये’ देऊन भागवता येत नाही. बोनस हिशेबी वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे मार्चला वर्ष संपणाऱ्यांसाठी नोव्हेंबरअखेर. दिवाळी या मुदतीतच येत असल्याने आपल्याकडची रीत आणि कायदा यांचा इथे चांगला मेळ बसतो. मात्र दिवाळीची मिठाई आणि भेटवस्तू बोनसमधून वजा करू नये.

नेमणूकपत्र

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. कित्येक मालकांना वाटते की पत्र दिले की कामगाराचा हक्क तयार होतो. हक्क तर पहिल्या दिवसाच्या कामाने तयार होतोच. पत्र नसल्यामुळे मालकाचीच बाजू सिद्ध करता येत नाही. इंग्रजीतील नऊ पानी नमुना उतरवून घेण्याऐवजी दोन पानांचे मराठी पत्र करावे आणि त्यात हुद्दा, काम, रुजू तारीख, पगाराची फोड, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, रजा, परिविक्षेचा (पारखून पाहण्याचा) काळ आणि नोकरी सोडताना द्यायची सूचना एवढे स्पष्ट लिहावे. एक प्रत सहीनिशी आपल्याकडे आणि एक कामगाराकडे.

परिविक्षेचा काळ तीन ते सहा महिने ठेवावा आणि तो संपण्याच्या आठवडाभर आधी निर्णय लेखी कळवावा: कायम केले, मुदत वाढवली की थांबवले. मुदत उलटून गेली तरी काहीच न कळवणे हा सर्वांत वाईट प्रकार. तसेच सात महिने काम देऊन पंधरा दिवसांचा ‘ब्रेक’ आणि पुन्हा नवी नेमणूक, असे चक्र वर्षानुवर्षे चालवणे टाळावे. कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी कामगाराला तात्पुरता ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा मानली जाते, हे महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यापासून माहीत आहे. खरोखर मर्यादित काळाचे काम असेल तर निश्चित मुदतीची नेमणूक करावी. तिच्यात पगार आणि सवलती कायम कामगाराइतक्याच द्याव्या लागतात आणि एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीही द्यावी लागते. ठेकेदाराची माणसे घेतली असतील, तर त्याने भरलेली भविष्य निधीची आणि ईएसआयची चलने नावांच्या यादीसह दरमहा मागावीत आणि मगच त्याचे बिल द्यावे, कारण त्याने बुडवले तर मुख्य मालक म्हणून भरपाई आपल्यालाच करावी लागते.

हजेरी, रजा आणि उचल

हजेरीसाठी बोटाचे यंत्र असो की मस्टर, नियम एकच असावा आणि तो सुपरवायझरलाही लागू असावा. दहा मिनिटे उशीर झाला तर काय, आणि असे महिन्यात किती वेळा चालेल, हे फलकावर लिहिलेले असावे.

वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते. हा कायद्याचा भाग सोपा आहे. अवघड भाग गौरी-गणपती, शिमगा, आषाढी वारी, उसाची तोड, दिवाळी आणि छठ यांचा असतो. कोकणातला माणूस गणपतीला जाणार, बिहारचा छठला जाणार, हे ठाऊक असूनही दरवर्षी त्या दिवसांत ‘सगळेच कसे गेले’ असा प्रश्न पडतो. जानेवारीत एका मोठ्या कागदावर वर्षाचे कॅलेंडर लावून प्रत्येकाला त्याच्या घरचे दोन महत्त्वाचे प्रसंग लिहायला सांगावेत, एका यंत्रावरचे दोघे एकाच वेळी जाणार नाहीत हे तिथेच सगळ्यांसमोर ठरवावे, आणि ग्राहकालाही त्या आठवड्यांचे वेळापत्रक आधी कळवावे. ज्याला सहा महिने आधी रजा नक्की मिळाली आहे, त्याला खोटी आजी मारून खाडा करावा लागत नाही. रजेचा अर्ज नाकारायचा असेल तर कारण त्याच अर्जावर लिहावे. पुढच्या वेळी कोणाची पाळी हे त्यावरून कळते.

उचलीबाबत मला विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. बहिणीचे लग्न, शाळेची फी, दवाखाना यासाठी कामगार मालकाकडे येतो, कारण बँक त्याला इतक्या झटपट देत नाही आणि खासगी सावकार त्याला बुडवतो. उचल देणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती वहीच्या मागच्या पानावर लिहिली, तिचे हप्ते कधी कापले कधी नाही, आणि कोणाला पन्नास हजार तर कोणाला पाचही नाहीत असे झाले, की त्याच मदतीतून वैर उभे राहते. यासाठी चार ओळींचे धोरण पुरते: किती नोकरीनंतर उचल मिळेल, जास्तीत जास्त किती पगारांइतकी, किती हप्त्यांत परत, आणि एक फिटल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. प्रत्येक उचलीचा अर्ज, सही आणि हप्त्यांचा तक्ता असावा. सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक करता येत नाहीत, आणि व्यवहारात हप्ता त्याहून पुष्कळ लहान ठेवावा. उचल अंगावर आहे म्हणून कोणाला नोकरी सोडण्यापासून अडवू नये. माणसाला कर्जाने बांधून ठेवणे ही वेठबिगारीच्या दिशेची वाट आहे.

शिकवणे आणि सुपरवायझर

भिंतीवर एक तक्ता लावावा. डावीकडे नावे, वरच्या बाजूला यंत्रे आणि कामे, आणि प्रत्येक चौकटीत तीनपैकी एक खूण: शिकतो आहे, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या स्तंभात ‘एकटा करतो’ अशी एकच खूण आहे, तिथे कारखाना एका माणसाच्या तब्येतीवर उभा आहे हे लगेच दिसते आणि प्रशिक्षण कुठे द्यायचे ते ठरते. पगारवाढही या तक्त्याला जोडावी. ‘अमुक यंत्राचे सेटिंग शिकलास तर पुढच्या वर्गात जाशील आणि इतकी वाढ मिळेल’ हे वाक्य कामगाराला कळते. ‘कामगिरी समाधानकारक’ हे कळत नाही. वर्षातून दोनदा प्रत्येकाशी अर्धा तास शांतपणे बसून बोलावे आणि बोलण्यातले दोन मुद्दे त्याच्या फाइलमध्ये टिपून ठेवावेत.

चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर करताना त्याला माणसांशी बोलायलाही शिकवावे लागते, याचा बहुतेकांना विसर पडतो. काल बरोबरीने डबा खाणाऱ्यांना आज काम सांगायचे असते. ते जमेना की तो एक तर आरडाओरडा करतो किंवा सगळी कामे स्वतःच करत बसतो. चूक चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगणे, शिफ्ट बदलताना पुढच्याला तोंडी आणि लेखी निरोप देणे, रजेचा निर्णय स्वतःच्या मर्जीवर न देणे, एवढे तरी मालकाने त्याच्याकडून पहिले तीन महिने रोज करून घ्यावे. मालकानेही त्याला डावलून थेट कामगाराला सूचना देणे थांबवावे.

तक्रार कुठे करायची

वीस किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागते. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान असतात, एकूण सदस्य दहाहून अधिक नसतात, महिलांना पुरेसे स्थान द्यावे लागते आणि निर्णय तीस दिवसांत अपेक्षित असतो. ही समिती नावापुरती न ठेवता महिन्यातून एकदा खरोखर बसवावी. तक्रारी बहुधा संडासातले पाणी, पंखा, हातमोजे, ओव्हरटाइमची वाटणी अशाच असतात, आणि त्या आठवड्याभरात सुटल्या की मोठ्या तक्रारीही दडून न राहता त्याच दाराने येतात.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा लहान कारखान्यांत सर्वाधिक दुर्लक्षित आहे. दहा माणसे असतील आणि त्यांत एकच महिला असेल, तरी अंतर्गत समिती नेमावीच लागते: अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, आणि महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतील एक बाहेरची व्यक्ती. वरिष्ठ महिला आपल्याकडे नसेल तर आपल्याच दुसऱ्या युनिटमधून किंवा दुसऱ्या आस्थापनेतून घेता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करता येते आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची असते. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मे २०२३ मध्ये गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीतील ढिलाईबद्दल चिंता व्यक्त करून समित्यांची स्थिती तपासण्याचे निर्देश दिले होते. समितीची नावे आणि फोन क्रमांक महिलांच्या प्रसाधनगृहाजवळ आणि प्रवेशद्वारापाशी मराठीत व हिंदीत लावावेत. त्या फलकाने कारखान्याची बदनामी होते हा समज सोडून द्यावा. ज्या ठिकाणी तो फलक आहे तिथे मुलीला कामाला पाठवताना आई-वडील निश्चिंत असतात.

शिस्त

‘उद्यापासून येऊ नकोस’ हे वाक्य मालकाने कितीही राग आला तरी उच्चारू नये. ते तोंडी कामावरून काढणे ठरते आणि पुढे कामगार न्यायालयात कामगाराचा दोष कितीही खरा असला तरी तो बाजूला राहतो. खाडे, निष्काळजीपणा, भांडण अशा बाबतीत पहिल्यांदा समजावून सांगावे आणि तारीख टिपावी. दुसऱ्यांदा त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी मेमो द्यावा. त्यापुढे कारणे दाखवा नोटीस. चोरी, मारहाण, यंत्राची मुद्दाम मोडतोड असे गंभीर आरोप असतील तर आरोपपत्र द्यावे, उत्तराला वेळ द्यावा, त्या घटनेशी संबंध नसलेल्या व्यक्तीला चौकशी अधिकारी नेमावे, कामगाराला साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावेत आणि सगळ्या कामकाजावर सह्या घ्याव्यात. चौकशीच्या काळात निलंबित केले तर पहिले नव्वद दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. न सांगता गैरहजर राहिलेल्या माणसाचे नाव परस्पर कमी करू नये. त्याच्या स्थानिक आणि गावाकडच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने कामावर येण्याचे पत्र पाठवून पोचपावती जपावी. कित्येकदा असे कळते की तो आजारी आहे किंवा घरी मृत्यू झाला आहे आणि फोन बंद आहे.

माणूस सोडून जाताना

राजीनामा असो की कामावरून कमी करणे असो, शेवटचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे आता बंधनकारक आहे. पूर्वीसारखे ‘पुढच्या महिन्याच्या पगाराबरोबर बघू’ चालणार नाही, त्यामुळे उरलेल्या रजा, ओव्हरटाइम आणि उचलीची बाकी हे आकडे दर महिन्याला ताजे असले पाहिजेत. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते. ती मागितल्याशिवाय देऊ नये असा समज आहे, तो चुकीचा आहे. हिशेबाचा कागद त्याला समजावून सांगून मगच सही घ्यावी, आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही कधीही घेऊ नये. अनुभवपत्र त्याच दिवशी द्यावे. शक्य असेल तर मालकाने स्वतः पंधरा मिनिटे बसून तो का जात आहे हे विचारावे; जाणारा माणूस पगाराचे कारण सांगतो, पण थोडे थांबून ऐकले की सुपरवायझरचे बोलणे, रात्रपाळीची वाटणी किंवा तीन वर्षे न झालेली बढती बाहेर येते.

त्यानंतर हिशेबनिसाने भविष्य निधीच्या पोर्टलवर त्याची सेवा संपल्याची तारीख आणि कारण नोंदवावे. हे काम दोन मिनिटांचे असूनही सर्रास राहून जाते, आणि मग त्या कामगाराला नव्या ठिकाणी निधी वर्ग करताना किंवा मुलीच्या लग्नासाठी पैसे काढताना अडचण येऊन जुन्या कारखान्याच्या गेटवर चकरा माराव्या लागतात. त्याची फाइल बंद करताना वरच्या पानावर ही नोंद झाल्याची तारीख लिहावी, आणि ती लिहिल्याशिवाय फाइल कपाटात जाऊ देऊ नये.